कचरा उचलणं आणि रिसायकलिंग: पालिकेने स्वतः करावं की खासगी ठेकेदाराला द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे, की हे काम खासगी कंपनीकडे दिल्यावर खरंच स्वस्त आणि चांगलं होतं का. मी काही वर्षं एका पालिकेच्या लेखा विभागात कचऱ्याच्या ठेक्यांची बिलं तपासायचो, त्यामुळे माझं उत्तर बिलाच्या बाजूनेच सुरू होणार.

एका महिन्याचा आकडा खटकला म्हणून मी वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो. ठेका टनामागे पैसे देण्याचा होता. पावसाचा पत्ता नव्हता, तरी ताडपत्रीखालून पाणी गळत होतं. गाडी उलटी केली तर वरचा थर कचऱ्याचा आणि खाली विटांचे तुकडे, ओली माती. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला राग आला खरा, पण परत येऊन करार वाचला तेव्हा रागाची दिशा बदलली. वजन जास्त भरलं की पैसे जास्त, असं आम्हीच लिहून दिलं होतं. कचरा वेगळा करून कमी करणाऱ्याला त्या करारात तोटाच होता.

आता पालिकेच्या गाड्यांचं म्हणाल, तर तिथेही फार अभिमान बाळगण्यासारखं नव्हतं. टायरच्या खरेदीची फाइल अडकली म्हणून गाडी दोन-दोन महिने वर्कशॉपमध्ये. गल्लीत कचरा उचलला गेला नाही तर ठेकेदाराचे पैसे कापता येतात, स्वतःच्या खात्याला दंड कोण करणार? शिवाय डिझेल एका खात्यात, पगार दुसऱ्यात, गाड्यांची खरेदी तिसऱ्यात. ‘आमचं काम स्वस्तात होतं’ म्हणणाऱ्या साहेबांना एका गल्लीचा खर्च विचारला की ते विषय बदलायचे.

यावर ब्रिटनचा अनुभव बघण्यासारखा आहे. १९८८च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना कचरा उचलण्यासाठी निविदा काढणं सक्तीचं केलं, २०००च्या सुरुवातीला ती सक्ती गेली. सक्तीच्या आधीच, १९८६मध्ये, तिथे निविदा काढलेल्या ठिकाणांचा एक अभ्यास झाला होता. खासगी कंपनी जिंकली तिथे खर्च सुमारे २२ टक्के कमी निघाला, आणि पालिकेचेच कर्मचारी निविदा जिंकले तिथेही सुमारे १७ टक्के. म्हणजे बचतीचा बराचसा भाग ‘खासगी’ या शब्दाचा नव्हता, स्पर्धेत उतरावं लागण्याचा होता. पुढे २०१०मध्ये अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा खासगीकरणाने खर्च हमखास कमी होतो असं काही दिसलं नाही.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने १९७९पासून एक युक्ती केली, जी मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. शहराचे विभाग पाडले आणि प्रत्येकाच्या निविदेत पालिकेच्या खात्यालाही कंपन्यांसारखाच भाव भरायला लावला. खातं सुरुवातीला हरलं. मग त्यांनी गाड्या, मार्ग, माणसं यांची पुन्हा मांडणी केली आणि गमावलेले विभाग परत जिंकले. सगळ्या गाड्या विकून टाकलेल्या पालिकेला हे जमत नाही. एक फेरी किती वेळाची, किती माणसांची, हे माहीत असलेले लोक निवृत्त होतात आणि पुढच्या निविदेत ठेकेदार सांगेल तो भाव.

रिसायकलिंगचं गणित वेगळं, कारण तिथे माल विकायचा असतो आणि त्याचा भाव आपल्या हातात नसतो. चीनने १ जानेवारी २०१८पासून बाहेरून येणाऱ्या २४ प्रकारच्या टाकाऊ मालावर बंदी घातली. त्यानंतर मिश्र कागद आणि प्लॅस्टिकचे भाव कोसळले. ज्या मालातून आधी चार पैसे सुटायचे, तो उचलून न्यायला अमेरिकेतल्या पालिकांना पैसे मोजायची वेळ आली, काही ठिकाणी गोळा करणंच थांबलं. अ‍ॅल्युमिनियमचे डबे कोणीही आनंदाने नेतो. काच जड, भाव कमी, ती मागे राहते. म्हणून भाव पडल्यावर तोटा कोणाचा, हे करारात आधीच लिहिलेलं हवं.

माझं मत विचाराल तर उचलण्याचं काम विभागवार ठेक्याने द्यायला हरकत नाही, पण एक-दोन विभाग पालिकेने स्वतःकडे ठेवावेत. पैसे घरांच्या संख्येवर द्यावेत, टनावर नाही. ठेक्याची मुदत गाडीच्या आयुष्याइतकी धरावी. त्याहून कमी ठेवली तर ठेकेदार नव्या गाडीचा सगळा पैसा त्या थोड्या वर्षांतच वसूल करायला बघतो. डेपोची जमीन आणि वजनकाटा मात्र कधीही हातचे सोडू नयेत. एका गल्लीत चार कंपन्यांच्या गाड्या फिरवण्याची कल्पनाही कोणीतरी मांडतोच. तिचा अर्थ डिझेल चौपट आणि कचरा तेवढाच.

तुमच्या पालिकेचा करार मिळाला तर आधी ‘देयक पद्धती’चं पान उघडा. तिथे टन लिहिलेलं असेल, तर काट्यावर माणूस कोणाचा बसतो तेही विचारा. आमच्याकडे तो ठेकेदाराचाच होता.