अभंग, सिनेमाची चाल आणि चर्चमधलं लग्न: वाचकांचे प्रश्न

सिनेमाची गाणी ऐकणं पाप, असं आमचे पाळक सांगतात. मला जुनी गाणी फार आवडतात. काय करू?

पाळकांचा आधार बहुधा बायबलमधलं, प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र 4:8 असेल. तिथे मराठीत ‘श्रवणीय’ असा शब्द आहे, पण ‘कानाला गोड ते चाललं’ असा त्याचा अर्थ काढू नका. ज्याच्याविषयी चार लोक चांगलं बोलतात ते, असा मूळ ग्रीक शब्दाचा रोख आहे. म्हणून चाल बाजूला ठेवून पारखा. मुखडा आणि एक कडवं वहीत उतरवा आणि गद्यासारखं मोठ्यानं वाचा. पावसाचं, विरहाचं गाणं सहज पार होतं. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीच्या मागे मागे फिरणारं गाणं मात्र अडकतं, आणि अशी गाणी जुन्यांतही पुष्कळ आहेत. गोड चालीमुळे खपून गेली इतकंच. बाकी, पौलानं अथेन्समध्ये ग्रीक कवीची ओळ वापरली होती (प्रेषितांची कृत्ये 17:28), आणि ती कविता झ्यूस या ग्रीक देवाची स्तुती करणारी होती. तेव्हा ‘बाहेरचं’ एवढ्यावरून काही ठरत नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजी पहाटे अभंग लावतात. मीही गुणगुणते. चालतं का?

हा प्रश्न सिनेमापेक्षा अवघड, कारण अभंग ही भक्ती आहे. छंदाला मात्र धर्म नसतो. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं ख्रिस्तासाठी वापरलं. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ऐकणं, दाद देणं वेगळं. आरतीत उभं राहून टाळ्यांवर म्हणणं ही उपासना झाली. आणखी एक बघा: शेजारी नुकताच विश्वासात आलेला, घरच्या देव्हाऱ्यापासून दूर होताना ओढाताण सोसलेला कुणी बसला असेल, तर त्याच्यासमोर गुणगुणू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 8व्या अध्यायात मूर्तीपुढच्या नैवेद्याच्या निमित्तानं पौल हेच सांगतो.

नाताळच्या कार्यक्रमात तरुण मंडळी हिट गाण्याच्या चालीवर ख्रिस्ती शब्द बसवतात. योग्य आहे का?

प्रथा जुनी आहे. दुःखसहनाच्या दिवसांत जगभर म्हटल्या जाणाऱ्या एका स्तोत्राची चाल हान्स लिओ हास्लरच्या 1601च्या प्रेमगीताची. संगीतकार बाखनं तीच पुढे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये वापरली. पण ते प्रेमगीत आज लोकांच्या कानात नाही. तुमची चाल गेल्याच महिन्यात हळदीत वाजलेली असते. गायक ‘गव्हाणीत बाळ’ म्हणतो आणि मागच्या बाकावर मूळ शब्द सुरू होतात. साधी चाचणी करा: पेटीवर नुसती चाल वाजवा. पाच-सहा जणांना मूळ गाणं लगेच आठवलं, तर ती चाल सोडा. व्हिडिओ टाकणार असाल तर हक्कांचंही बघा. भारतात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. खऱ्या धार्मिक समारंभात गाणं सादर करायला कायद्यात सूट आहे. चाल उचलून नवं गाणं यूट्यूबवर टाकायला ती लागू होत नाही.

वसईत लग्न आहे. प्रवेशाला आमचं आवडतं हिंदी गाणं वाजवता येईल का?

मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) असेल तर नाही. ते हॉलसाठी ठेवा. गंमत अशी की सर्रास वाजणारी वधूप्रवेशाची धून वाग्नरच्या ऑपेरातली आणि बाहेर पडतानाची मेंडेल्सोनच्या नाट्यसंगीतातली. दोन्ही चर्चसाठी लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे काही धर्मगुरू त्यांनाही नकार देतात. पत्रिका छापण्याआधीच गाण्यांची यादी शब्दांसकट फादरांना दाखवा. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) लग्न असेल तर आधीच विचारा: तेव्हा ऑर्गन आणि इतर वाद्यं फक्त गायनाला साथ देण्यापुरती असतात, म्हणजे नुसत्या वाद्यावरची प्रवेशधून बसत नाही.

तेरा वर्षांचा मुलगा दिवसभर रॅप ऐकतो. बंद करू?

रॅप ही फक्त शैली. स्पॉटिफायवर ‘एक्सप्लिसिट’ (शिवराळ, अश्लील) शिक्का असलेली गाणी बंद करता येतात, पण तो शिक्का गाण्याचे हक्कदार लावतात. न लावलेलं शिवराळ गाणं सरळ आत येतं. म्हणून ऑटोप्ले बंद करा आणि आठवड्यातून एकदा त्यानं निवडलेली तीन गाणी स्पीकरवर, जेवणाच्या टेबलाशी ऐका. कुठल्या ओळीला तो आवाज कमी करायला धावतो ते बघा. बोलणं तिथूनच सुरू करा.