वाचकांचे प्रश्न : मेलबर्नचा ॲलन जॅकोविच होता तरी कसा?

गेल्या अंकात कोपऱ्यात चार ओळी छापल्या होत्या, की १९९१ साली मेलबर्न क्लबच्या ॲलन जॅकोविचने करिअरच्या पहिल्या ९ मॅचमध्ये ५० गोल मारले आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल ह्या मुख्य लीगमध्ये इतक्या लवकर कुणीच पन्नाशी गाठली नव्हती. एवढ्याशा मजकुरावर दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. यायचीच म्हणा, आपल्याकडे वाडीमागे एक तरी माणूस बोटीवर असतो आणि त्याने मेलबर्न बंदर बघितलेलं असतं.

प्रश्न : १९९१ साली आमची बोट मेलबर्नला लागली होती. आपल्याकडे पावसाळा, तिकडे कडाक्याची थंडी. तिथल्या एका माणसाने आम्हा चौघांना एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, मॅच बघायला नेलं. एका बाजूचा स्टँडच नव्हता, तिथे क्रेन उभ्या होत्या. नियम काही कळले नाहीत, पण लाल-निळ्या जर्सीतला एक गडी बॉल जवळ आला की असं काही करायचा की अख्खं पब्लिक उभं राहायचं. तो हाच का? (दाभोळहून, बोटीवरून रिटायर झालेले एक वाचक)

उत्तर : काका, लाल-निळी जर्सी, ९१ चा सीझन आणि एमसीजी म्हटल्यावर टीम मेलबर्नचीच असणार, आणि त्या वर्षी पब्लिक ज्याच्यासाठी उभं राहायचं तो बहुतेक करून जॅकोविचच. क्रेनचं म्हणाल तर तेव्हा तिथे ग्रेट सदर्न स्टँड बांधायचं काम चालू होतं, १९९२ च्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल झाली ना, तिच्या आधी ते पुरं झालं. त्याच कामामुळे ९१ ची फुटबॉलची फायनलसुद्धा एमसीजीवर झाली नाही, वेव्हर्ली पार्कला न्यावी लागली.

आता नियम, थोडक्यात. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला १८ जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन उंच खांबांमधून बॉल मारला की गोल, त्याचे ६ पॉइंट, आणि बाजूच्या फटीतून गेला तर फक्त १. बॉल हातात धरून पळता येतं पण फेकता येत नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा नाहीतर किक करायची. आणि कुणी मारलेली किक तुम्ही हवेतच स्वच्छ पकडलीत तर त्याला मार्क म्हणतात, मग तुम्हाला निवांत किक मिळते, कुणी अडवायचं नाही. ह्या मार्कसाठी पोरं समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढतात, दहीहंडीला शेवटचा गोविंदा थरावर चढतो तशी, फक्त इथे खालचा माणूस आपल्या मंडळाचा नसतो!

जॅकोविच होता फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलसमोर उभा राहून गोल मारणारा. पण नुसता उभा राहून मारणाऱ्यातला नाही. गोलकडे पाठ असताना डोक्यावरून उलटी किक मारून त्याने केलेला गोल आजही लोक शोधून शोधून बघतात. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलाय आणि दरवेळी वाटतं की ही किक मारायचं ह्याच्या डोक्यात आलंच कसं, कारण साधा माणूस आधी वळला असता, आणि वळेपर्यंत बचाववाला अंगावर आलाच असता.

प्रश्न : एवढा भारी होता तर करिअर फक्त ५४ मॅचचं का? एका सीझनचा हिरो म्हणायचा ना सरळ. (रत्नागिरी)

उत्तर : नाही म्हणणार. आधी आकडे बघा. १९९१ ला १४ मॅच, ७१ गोल, म्हणजे मॅचला सरासरी पाच. मेलबर्नकडून एकूण ४७ मॅच आणि २०१ गोल, मॅचला चारच्या वर. मग मध्ये खंड पडला, १९९६ ला फुटस्क्रे क्लबकडून ७ मॅच खेळला, त्यात ७ गोल, आणि संपलं. सगळे मिळून ५४ मॅच, २०८ गोल. त्या लीगचा सगळ्यात जास्त गोल मारणारा टोनी लॉकेट, २८१ मॅचमध्ये १३६०, त्याची सरासरी पाचच्या थोडी खाली. म्हणजे मेलबर्नचा जॅकोविच लॉकेटच्या खूप मागे नव्हता, फक्त लॉकेट वर्षानुवर्षं तसा खेळत राहिला आणि ह्याचं तसं झालं नाही.

का नाही झालं, तर मुख्य कारण पाठ. ज्या खेळात उडी मारून, अंगावर अंग आदळून खाली पडायचं आणि परत पुढच्या बॉलला उडी मारायची त्यात पाठ गेली की फॉरवर्डचं अर्धं बळ गेलं. शिवाय तो रोज एकसारखा खेळणारा नव्हताच, एका शनिवारी डझनाच्या जवळ गोल आणि पुढच्या वेळी मैदानात आहे की नाही तेही कळू नये, असा. फॅन लोक हे लपवत नाहीत आणि मला तेच आवडतं. ते म्हणतात हो, बेभरवशाचा होता, पण त्याच्याकडे बॉल जाताना पोटात जे व्हायचं ते दुसऱ्या कुणाच्या वेळी होत नव्हतं. आकड्यांच्या वहीत ही गोष्ट कुठे लिहिणार? मला मनापासून वाटतं की खेळाडू मोजताना ती धरलीच पाहिजे, कारण माणसं तिकीट काढून थंडीपावसात जातात ती त्याचसाठी.

आणि मॅच कमी म्हणून माणूस लहान हा हिशोब तर तिकडेही कुणी करत नाही. जॉन कोलमन म्हणून एसेंडन क्लबचा फॉरवर्ड होता, १९५४ ला गुडघा गेला आणि करिअर ९८ मॅचवर थांबलं, ५३७ गोल. दरवर्षी सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला जे मेडल देतात ते आज त्याच्याच नावाचं आहे.

प्रश्न : ह्याचा भाऊपण खेळायचा म्हणतात, तो जास्त मोठा ना? (देवगड)

उत्तर : ग्लेन, धाकटा. दोघेही १९९१ लाच लीगमध्ये आले, ॲलन मेलबर्नकडून आणि ग्लेन पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सकडून. आणि गंमत म्हणजे थोरला गोल मारणारा, धाकटा गोल अडवणारा. ग्लेन २७६ मॅच खेळला, २००४ पर्यंत, १९९२ आणि १९९४ ची चॅम्पियनशिप, चार वेळा क्लबचा बेस्ट प्लेयर. मोठा कोण म्हणाल तर ग्लेन, त्यात वादच नाही. पण पत्रं कुणाबद्दल आली बघा! ग्लेनबद्दल एकही नाही. एकाच घरातले दोघे, एकावर टीम उभी राहिली आणि एकाच्या आठवणी राहिल्या, ह्यात धाकट्यावर अन्याय होतो हे मला मान्य आहे, म्हणून त्याचे आकडे इथे सगळे दिलेत.

प्रश्न : म्हणजे आपला विनोद कांबळीच की! (वेंगुर्ला)

उत्तर : हे नाव येणार हे माहीत होतं. थोडं जुळतं, सगळं नाही. कांबळी १७ टेस्ट, १०८४ रन, सरासरी ५४.२०, १९९३ ला लागोपाठ दोन डबल सेंच्युरी, आणि १९९५ ला शेवटची टेस्ट खेळला तेव्हा वय फक्त २३. धडाक्यात सुरुवात आणि लवकर शेवट, एवढं सारखं. पण जॅकोविचच्या मागे पाठीचं दुखणं होतं, कांबळीची गोष्ट वेगळी, ती एका उत्तरात गुंडाळून मला त्याच्यावर अन्याय करायचा नाही. त्याच्यावर वेगळं लिहीन, पत्रं पाठवा.

प्रश्न : आमच्या गावात कबड्डीत असोच एक गडी होतो. मनात इला तर एकटो मॅच काढी, नायतर पयल्याच चढाईत बाद. लोक अजून तेचाच नाव घेतत. (मालवण)

उत्तर : दादा, हा प्रश्न नाही तरी छापतोय. त्याची चढाई कशी होती, कुठल्या बाजूने शिरायचा, हात लावायचा की पाय, ते सविस्तर लिहून पाठवा. अशा गड्यांच्या मॅचचा व्हिडिओ नसतो, बघितलेल्या माणसांनी सांगितलं तरच राहतं.

प्रश्न : आता हा खेळ बघायचा तर कधी बघायचा? (गुहागर, कॉलेजची विद्यार्थिनी)

उत्तर : सीझन साधारण मार्च ते सप्टेंबर. फायनल बहुतेक वेळा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, एमसीजीवर, तिकडच्या दुपारी अडीचला, म्हणजे आपल्याकडे सकाळी १० वाजता. पहिल्यांदा बघताना बॉलच्या मागे नजर फिरवत बसू नकोस, गोलसमोरचा एक फॉरवर्ड आणि त्याला चिकटलेला बचाववाला एवढे दोघेच पकड आणि बॉल यायच्या आधी ते काय करतात ते बघ, अर्धा खेळ तिथेच कळतो.