आधी माणसं मोज

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पहाटे वाचला. अपघात बचाव पथकातला पहिलाच रात्रीचा कॉल, हात थरथरत होते आणि आता डोळ्याला डोळा लागत नाही, असं लिहिलं आहेस. हात माझेही थरथरायचे, त्याची काळजी करू नकोस. पण ‘पोहोचताच आम्ही सगळे गाडीकडे धावलो’ हे तुझं वाक्य मनातून जात नाही. त्याबद्दलच लिहितो.

मी या कामात नवा असताना एक गाडी खड्ड्यात उलटली होती. पुढच्या सीटवर दोघं अडकलेले. आम्ही सगळे त्यांनाच भिडलो. दोघांना काढून स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्यातला एक पुटपुटला, “मागचा कुठाय?” मागचा आमच्याच गाडीपासून वीसेक पावलांवर गवतात पडला होता. जिवंत होता, पुढे वाचलाही. पण तितका सगळा वेळ तो थंडीत एकटा पडून आमचे आवाज ऐकत होता. हाक मारायला त्याच्यात जोर नव्हता. आम्ही त्याला शोधलंच नव्हतं.

म्हणून उतरल्यावर एकाने गाडीला हात न लावता तिच्याभोवती मोठा फेरा मारायचा. खड्डा, झुडपं, दुभाजकाच्या पलीकडे, आणि गाडी ज्या दिशेने घसरत आली ती सगळी वाट. आत किती बॅगा आहेत, मुलाची सीट रिकामी आहे का, एकच बूट पडलाय का, तेही बघायचं. मग जनरेटर, इंजिन, वायरलेस, सगळं मिनिटभर बंद. “कोणी आहे का?” अशी एक हाक, आणि त्यानंतर कोणीही बोलायचं नाही. ते मिनिट फार लांब वाटतं. वाटू दे. शुद्धीवर असलेल्या प्रत्येकाला ‘गाडीत किती जण होता?’ हे विचार, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर मोठा आकडा खरा धर.

अर्थात हे सगळं आपण उभे राहिलो तर. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर कापते, आणि तिच्या चालकाला तू दिसायच्या आधी तुझे दिवे डोळ्यांत घुसतात. आपली गाडी रहदारीच्या बाजूला तिरकी लाव, समोरून येणाऱ्याला दिपवणारे हेडलाइट बंद कर, इशारा देणारा त्रिकोण बराच मागे ठेव. परावर्तक जाकीट गाडीतून उतरायच्या आधी अंगात हवं, नंतर नाही.

उजेडाचं एक सांगतो. एकाच बाजूने प्रखर दिवा मारलास तर पलीकडे गडद सावली पडते आणि जे बघायला हवं ते नेमकं तिच्यात दडतं. दोन बाजूंनी, जरा उंचावरून उजेड घे. आणि अडकलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च कधीच मारू नकोस. आधी तो स्वतःच्या चेहऱ्याकडे वळव, नाव सांग, मग आत बघ. त्याच्यासाठी तू तोवर अंधारातला एक आवाज असतोस.

पत्रा कापायचा कटर काढायची घाई नको. चारही दरवाजांची हँडल आधी ओढून बघ. पुढचा चेपलेला असताना मागचा सहज उघडल्याचं मी कितीदा तरी पाहिलं आहे. त्याही आधी ठोकळे आणि पाचरी लावून गाडी पक्की कर. कुशीवर पडलेली गाडी हलली की आतल्याची मान हलते. बॅटरी तोडण्यापूर्वी त्याच विजेवर काचा खाली घेता येतात, सीट मागे सरकवता येते. ते झालं की निगेटिव्ह टोक आधी काढ. तरीही न फुटलेल्या एअरबॅगसमोर डोकं नेऊ नकोस, त्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. विजेवरची गाडी आवाज न करता सुरू असू शकते. चाकांना अडसर लाव, आणि नारिंगी केबलला कटर लावायचा नाही, तिच्यात उच्च दाबाची वीज असते.

बाजूची काच बहुधा कोपऱ्यात काच फोडायचा टोकदार पंच मारला की भुगा होऊन पडते. विंडस्क्रीनचं तसं नाही, दोन काचांमधला थर तिला धरून ठेवतो, तिला करवतीने कापावंच लागतं. दोन्ही वेळा आतल्याला आधी चादरीने झाक आणि आता मोठा आवाज होणार हे सांग. टॉर्चच्या झोतात रेडिएटरची वाफ धुरासारखी दिसते. ती पाहून घाबरून माणसाला ओढू नकोस. खरी आग असेल किंवा श्वासच थांबला असेल, तर मात्र ओढावं लागतं. रक्त वाहत असेल तर तिथे हाताने घट्ट दाब, बाकीचं थांबू शकतं. पाय बराच वेळ दाबलेला असेल तर वैद्यकीय माणूस तयार असल्याशिवाय वरचं वजन उचलू नकोस. दाब सुटताच अडकून राहिलेले पदार्थ रक्तात उतरतात आणि हृदय बंद पडू शकतं.

मागच्या सीटवरून जखमीचं डोकं स्थिर धरून बसायचं काम कोणाला नको असतं, त्यात दिसण्यासारखं काही नसतं. ते तू स्वतःहून माग. डोकं धरणाऱ्यानेच माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे त्याला उत्तर द्यायला मान वळवावी लागत नाही. खोटा धीर देऊ नकोस. ‘आता दरवाजा कापतोय, मी इथेच आहे’ इतकं पुरतं.

झोप एकदोन रात्री येणार नाही. टीममधल्या कोणाशी तरी बोल, माझ्याशी बोल, वेळ बघू नकोस.

पुढच्या सरावाला अंधार पडल्यावर ये. जुनी गाडी आडवी पाडून ठेवतो. आत एक पुतळा असेल, बाहेर किती ते तू मला सांगायचं.

तुझा,
काका