उत्तर: सिलेक्ट सोडून असिंकआयओ घेतल्यावर खाली नेमकं काय बदललं?

भाऊ, प्रश्न नीट तपशिलाने मांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण आधी थोडक्यात. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांमध्ये तुम्ही ड्रिपचे कंट्रोलर बसवलेत. प्रत्येकात सिमकार्ड आहे आणि प्रत्येकाचं जळगावच्या सर्व्हरशी एक टीसीपी कनेक्शन कायम उघडं असतं. सर्व्हर पायथनमध्ये, सिलेक्ट (कोणत्या कनेक्शनवर काही आलंय ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारण्याची जुनी सोय) वापरून हाताने लिहिलेला. कंट्रोलर हजाराच्या घरात गेले आणि ‘फाइलडिस्क्रिप्टर आउट ऑफ रेंज इन सिलेक्ट’ म्हणत सर्व्हर पडला. असिंकआयओवर, म्हणजे हेच काम करून देणाऱ्या पायथनच्या तयार लायब्ररीवर, आल्यावर ती एरर गेली. आता विचारताय की एकच थ्रेड (एका वेळी एकच काम करणारा कामाचा धागा) एवढी कनेक्शनं सांभाळतो कसा, रात्रीचा अहवाल फाइलमध्ये लिहिताना सगळं का थबकतं, आणि लिनक्सवर चालणारा काही कोड तुमच्या विंडोज लॅपटॉपवर का चालत नाही.

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. इव्हेंट लूपची (काही घडलं की त्याचं काम चालवत पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडची) लायब्ररी, इथे असिंकआयओ, स्वतः कशाचीच वाट पाहत नाही. वाट पाहण्याचं काम ती ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवते आणि स्वतःकडे फक्त एक वही ठेवते: कोणत्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या कनेक्शनला किंवा फाइलला सिस्टिम देते तो क्रमांक) काही घडलं की कोणतं फंक्शन चालवायचं. त्यामुळे सिस्टिम जे वचन देते तेवढंच लायब्ररीला पाळता येतं, आणि हे वचन प्रत्येक सिस्टिमवर वेगळं आहे.

आधी ती एरर. सिलेक्ट १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधला. त्याला द्यायचा संच म्हणजे बिटांची एक पट्टी, लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये १०२४ बिटांची. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. मर्यादा किती सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बघताय यावर नाही, सॉकेटच्या क्रमांकावर आहे. ० ते १०२३ पर्यंतचे क्रमांक चालतात. तुम्ही दहाच सॉकेट बघत असाल, पण त्यातल्या एकाचा क्रमांक १०२४ आला तरी संपलं. लॉगची फाइल, डेटाबेसची कनेक्शनं, ऐकणारं सॉकेट हे सगळे याच क्रमांकांतून वाटा घेतात, म्हणून तुमचा सर्व्हर १०२४ कंट्रोलर व्हायच्या आधीच पडला. पायथन निदान तपासून एरर देतं. सी मध्ये हीच चूक झाली तर पट्टीच्या पलीकडची मेमरी गुपचूप बिघडते आणि कारण शोधता शोधता जीव जातो. विंडोजवर पट्टी नसून सॉकेटांची यादी असते, त्यामुळे तिथे मर्यादा खरोखर संख्येवर आहे, आणि पायथनच्या बाबतीत ती ५१२.

दुसरी गोष्ट खर्चाची. सिलेक्टला दर वेळी अख्खा संच नव्याने द्यावा लागतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्यातल्या एकेकाला तपासतं, आणि उत्तर त्याच पट्टीवर लिहून तुमचा मूळ संच पुसून टाकतं. पुढे आलेल्या पोलने क्रमांकाची मर्यादा काढली, पण दर वेळी सगळ्यांची हजेरी घेणं काही सुटलं नाही. तुमचे कंट्रोलर काही मिनिटांतून एकदा दोन ओळी पाठवतात. म्हणजे हजारातले दोन-तीन बोलणार आणि त्यांच्यासाठी हजारांची हजेरी. याच दुखण्यावर १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी बोट ठेवलं: एका यंत्राने दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे? त्याला सी-टेन-के प्रश्न म्हणतात. त्यावर उपाय म्हणून २००० मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्समध्ये जोनाथन लेमन यांचं केक्यू आलं, आणि २००२ मध्ये दाविदे लिबेंझी यांचं इपोल लिनक्सच्या २.५.४४ या विकासातल्या कर्नलमध्ये शिरलं.

इपोलमध्ये नावनोंदणी आणि वाट पाहणं ही दोन कामं वेगळी केली आहेत. इपोल-सीटीएलने सॉकेट एकदाच नोंदवायचं, आणि ती नोंद कर्नलमध्ये टिकून राहते. कंट्रोलरकडून पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड कर्नलला जागं करतं, टीसीपीचा भाग तो डेटा त्या सॉकेटच्या रांगेत ठेवतो, आणि त्याच क्षणी ते सॉकेट इपोलच्या ‘तयार’ यादीत जोडलं जातं. मग इपोल-वेट ती यादी तुमच्या हातात देतं. कोणाला विचारायला फिरावं लागत नाही. दहा हजार गप्प बसलेत आणि तिघं बोलले, तर काम तिघांपुरतंच.

आता लायब्ररी यावर काय रचते ते बघा. हे समजलं की इव्हेंट लूपचं सगळं गूढ उकलतं. एका फेरीत असिंकआयओ आधी सर्वांत जवळचा टायमर बघतं. तो चार सेकंदांनी असेल तर इपोल-वेटला चार सेकंदांची मुदत देतं, हातात आधीच काम पडलेलं असेल तर शून्य देतं, आणि काहीच नसेल तर बेमुदत झोपतं. परत आल्यावर प्रत्येक तयार डिस्क्रिप्टरचं फंक्शन वहीतून शोधून रांगेत लावतं, वेळ झालेले टायमर रांगेत लावतं, आणि रांग चालवतं. पुन्हा पुढची फेरी. लिबयूव्ही (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची लायब्ररी), तशीच लिबइव्हेंट, रेडिस या डेटाबेसच्या आतला छोटासा लूप, सगळ्यांचा गाभा हाच. रेडिसच्या सोर्समध्ये इपोल, केक्यू, सोलॅरिसचे इव्हेंट पोर्ट आणि सिलेक्ट यांच्यासाठी चार लहान वेगळ्या फाइली आहेत. सी थोडंफार येत असेल तर त्या जरूर वाचा, हा विषय शिकायला त्याहून सुटसुटीत कोड मला माहीत नाही.

लूप झोपलेला असताना दुसऱ्या थ्रेडने त्याला उठवायचं कसं? त्यासाठी लायब्ररी स्वतःचंच एक डिस्क्रिप्टर इपोलमध्ये नोंदवते. असिंकआयओ सॉकेटांची एक जोडी ठेवतं, लिबयूव्ही लिनक्सवर इव्हेंट-एफडी वापरतं. त्यात काहीतरी लिहिलं की झोप मोडते. कॉल-सून-थ्रेडसेफ नावाचं वेगळं फंक्शन आहे ते यासाठीच. साधं कॉल-सून दुसऱ्या थ्रेडवरून वापरलं तर काम रांगेत लागतं, पण उठवणारा बाइट जात नाही.

‘तयार’ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. सॉकेट वाचायला तयार आहे याचा अर्थ पूर्ण निरोप आलाय असा नाही. टीसीपीला निरोप माहीत नसतो, फक्त बाइटांचा प्रवाह माहीत असतो. तुमच्या कंट्रोलरची ओळ अर्धी आता आणि अर्धी दहा सेकंदांनी येऊ शकते. मोबाइलचं नेटवर्क कमजोर असलेल्या शिवारात तर येईलच. शिवाय लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की सिलेक्टने तयार सांगितलेलं सॉकेट वाचताना अडूही शकतं, उदाहरणार्थ आलेल्या पॅकेटचा चेकसम (पॅकेट बिघडलंय का ते तपासणारा आकडा) चुकीचा निघाला तर. म्हणून प्रत्येक सॉकेट नॉन-ब्लॉकिंग ठेवतात; डेटा नसेल तर थांबण्याऐवजी ‘ई-अगेन’ (आता नाही, नंतर बघा) मिळतं आणि लूप पुढे सरकतो. लिहिण्याच्या बाजूला आणखी एक खड्डा आहे. पाठवायच्या बफरमध्ये जागा असेपर्यंत सॉकेट लिहायला कायम तयारच असतं. ती नोंद विनाकारण चालू ठेवली तर इपोल-वेट झोपतच नाही आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. चांगल्या लायब्ररी आधी सरळ लिहून बघतात आणि बफर भरला तरच ती नोंद करतात. लूप हाताने लिहू नका असं मी सगळ्यांना सांगतो, ते अशा बारकाव्यांमुळे.

आता फाइल. तुमची मुख्य अडचण इथेच आहे. डिस्कवरची साधी फाइल इपोलमध्ये नोंदवायला जा, कर्नल परवानगी नाकारल्याची एरर देतं. सिलेक्ट आणि पोल नाकारत नाहीत, पण फाइल नेहमीच तयार आहे असं सांगतात, म्हणजे उपयोग शून्य. सॉकेटवर डेटा कोणीतरी बाहेरून पाठवतो, म्हणून तो येईपर्यंत थांबण्याला अर्थ आहे. फाइलचा डेटा तुम्ही मागितल्याशिवाय डिस्कवरून हलतच नाही. मागितलात आणि तो मेमरीत नसला, तर तो येईपर्यंत तुमचा थ्रेड झोपतो. लिहितानाही एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं) केलंत किंवा कर्नलकडे न लिहिलेला डेटा फार साठला की तेच होतं. थ्रेड एकच असल्यामुळे त्याच्यासोबत सगळे कंट्रोलर थांबतात.

लायब्ररींनी यावर काढलेला उपाय म्हणजे बाजूला काही थ्रेड ठेवायचे आणि फाइलचं काम त्यांच्याकडे द्यायचं. लिबयूव्हीमध्ये असे थ्रेड मुळात चार असतात. असिंकआयओ फाइलचं काहीच आपोआप करत नाही, तुम्हालाच टू-थ्रेड किंवा रन-इन-एक्झिक्युटर वापरून ते बाजूला द्यावं लागतं. तुमच्या कोडमध्ये अहवाल तयार करणारं फंक्शन असिंक आहे, पण आत साधं ओपन आणि राइट आहे. असिंक हा शब्द पुढे लावला तरी आतलं ब्लॉकिंग काम ब्लॉकिंगच राहतं. तेवढा भाग टू-थ्रेडमध्ये टाका. अहवालाचं गणितच जड असेल तर मात्र थ्रेडने फारसा फरक पडणार नाही, कारण पायथनचं जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) मध्ये येतं. तेव्हा वेगळी प्रोसेस घ्या.

नोडवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधण्याचं नेहमीचं फंक्शन, गेट-ॲड्रेस-इन्फो, हेही ब्लॉकिंग आहे आणि त्याच चार थ्रेडांवर चालतं. जुन्या लिबयूव्हीत डीएनएस (हा पत्ता देणारी सेवा) अडकून चार शोध लटकले की फाइल वाचणंही लटकायचं, आणि माणूस डिस्कला दोष देत बसायचा.

विंडोजचा प्रश्न. तिथे वचनच वेगळ्या जातीचं आहे. इपोल आणि केक्यू सांगतात की बाग कापणीला आली, या आणि कापून न्या. विंडोजचं आयओसीपी (तिथली इपोलच्या जागची सोय) सांगतं की माल कापून तुमच्या ट्रकमध्ये भरला, ही पावती. दुसऱ्या पद्धतीत ट्रक आधीच बागेत उभा करावा लागतो, म्हणजे रिकामा बफर आधीच कर्नलच्या हवाली करायचा आणि पावती येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आयओसीपी १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ पासून आहे, इपोलच्या कितीतरी आधीपासून. सुरुवातीला नोड लिबइव्ही ही दुसरी लायब्ररी वापरत असे, ती युनिक्सच्या विचाराने बांधलेली. विंडोजवर नीट चालायचं तर दोन्ही पद्धती एका छताखाली आणणं भाग होतं. त्यातून २०११ मध्ये लिबयूव्ही उभी राहिली. तिने बाहेरून ‘काम झालं’ हीच भाषा ठेवली आणि लिनक्सवर ‘तयार आहे’ हा निरोप मिळाल्यावर वाचायचं काम स्वतः केलं. ही दिशा मला योग्य वाटते, कारण तयार असल्याच्या निरोपावरून काम पुरं करून देता येतं, उलटं करायला फार कसरत लागते.

पायथन ३.८ पासून विंडोजवर असिंकआयओचा मूळ लूप आयओसीपीवरचा प्रोॲक्टर (‘काम झालं’ची पावती देणारा लूप) आहे. त्यात ‘तयार झालं की कळव’ ही सोयच नाही, म्हणून तुमचा ॲड-रीडर (सॉकेट वाचायला तयार झालं की फंक्शन चालवणारी सोय) लिनक्सवर चालतो आणि लॅपटॉपवर नॉट-इम्प्लिमेंटेड एरर येते. ॲड-रीडर काढून स्ट्रीम किंवा प्रोटोकॉल वापरा, दोन्हीकडे चालेल.

लिनक्सवरही आता पावतीची पद्धत आली आहे. येन्स आक्सबो यांचं आयओ-यूरिंग, २०१९ च्या ५.१ कर्नलपासून. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात सामायिक मेमरीतल्या दोन गोल रांगा, एकीत मागण्या आणि दुसरीत निकाल. त्यात फाइलही चालतात. लिबयूव्हीने २०२३ मध्ये फाइलसाठी ते घेतलं, पण सुरक्षेच्या कारणांवरून पुढे ते मुळात बंद ठेवण्यात आलं. तुमच्या कामाला ते सध्या नको. काही मिनिटांतून दोन ओळी पाठवणाऱ्या काही हजार कंट्रोलरांना इपोल भरपूर पुरतं.

तुमच्या कामात खरा धोका विजेचा आहे. आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते. फिडर बंद झाला की कंट्रोलर निरोप न घेता मरतो. सर्व्हरकडे कोणतंही पॅकेट येत नाही, म्हणून इपोललाही काही कळत नाही, आणि ते कनेक्शन जिवंत म्हणून यादीत पडून राहतं. टीसीपीचं कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची चाचपणी) चालू केलं तरी लिनक्सवर त्याची मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. तुम्ही व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम अशा मेलेल्या कनेक्शनवर पाठवलात, तर तो कर्नलच्या बफरमध्ये जातो, कोडला वाटतं गेला, आणि एरर यायला पाव तास किंवा जास्त लागू शकतो. तोवर बागेला पाणी चालूच. म्हणून कंट्रोलरकडून ठरावीक वेळाने ठोका मागवा, लूपच्या टायमरने मुदत मोजा, ठोका चुकला की कनेक्शन स्वतः बंद करा. आणि हुकमाची पोच कंट्रोलरकडूनच घ्या, राइट परत आलं म्हणून पोहोचलं असं समजू नका.

वीज परत येते तेव्हा उलटं होतं. एका फिडरवरचे सगळे कंट्रोलर एकदम कनेक्शन मागतात. असिंकआयओच्या सर्व्हरची वाट पाहणाऱ्यांची रांग मुळात १०० ची असते. हा बॅकलॉग वाढवा, आणि त्यावरची कर्नलची सोमॅक्सकॉन मर्यादाही बघा, ५.४ च्या आधीच्या कर्नलमध्ये ती १२८ असायची. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये जोडणीआधी थोडा यादृच्छिक विलंब टाकता आला तर फारच उत्तम. युलिमिटही तपासा. उघड्या डिस्क्रिप्टरांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ च असते, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर गेलात तर सिलेक्ट सोडूनही तुम्ही त्याच आकड्याला पुन्हा धडकू शकता. तिथे अडलं की असिंकआयओ नवीन कनेक्शन घेणं एक सेकंद थांबवून पुन्हा प्रयत्न करतं, त्यामुळे सर्व्हर पडत नाही, नुसता बहिरा झाल्यासारखा वागतो. सिस्टिमडीवर (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर लिमिट-नो-फाइल सर्व्हिसच्या फाइलमध्येच वाढवा.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर चालू सर्व्हरवर एस-ट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय काय मागतो ते दाखवणारं साधन) लावा आणि फक्त इपोलच्या, रिसीव्हच्या आणि राइटच्या कॉलवर गाळणी ठेवा. निवांत सर्व्हर इपोल-वेटमध्येच बसलेला दिसला पाहिजे. अहवालाच्या वेळी दोन इपोल-वेटच्या मध्ये किती वेळ जातो ते मोजा. असिंकआयओचा डिबग मोडही चालू करा, १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाणारं प्रत्येक फंक्शन तो नावानिशी दाखवतो. अहवालाचा भाग टू-थ्रेडमध्ये हलवण्याआधीचं आणि नंतरचं आउटपुट इथे टाका, मग उरलेला अडथळा फाइलचा आहे की गणिताचा ते लगेच सांगता येईल.