प्रवासविषयक प्रश्नोत्तरे : नाईलकाठची मंदिरे आणि क्रूझ

प्रश्न : आम्ही काही निवृत्त शिक्षक हिवाळ्यात इजिप्तला जाण्याचा विचार करीत आहोत. दोन प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके आमच्यापुढे आहेत. एकीच्या आठ दिवसांच्या सहलीत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, आस्वान, अबू सिंबेल आणि तांबड्या समुद्रावरील हुरघाडा असे सर्व काही आहे. दुसरीत अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा नाही, पण क्रूझ तीनऐवजी चार रात्रींची आहे आणि खर्च थोडा अधिक आहे. कोणती सहल निवडावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दुसरी निवडावी. इजिप्तमध्ये किती स्थळे पाहणार यापेक्षा प्रत्येक स्थळी किती तास मिळणार, हे महत्त्वाचे आहे. माहितीपत्रकात ते सहसा छापलेले नसते, म्हणून मुद्दाम विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. हुरघाडाचा किनारा सुंदर आहे यात शंका नाही, परंतु त्याच्यापायी लक्सरचा एक दिवस जाणार असेल, तर इतक्या लांब जाऊन मुख्य गोष्टच हातची घालवल्यासारखे होईल.

लक्सरला नदीच्या पूर्वेला कर्नाक आणि लक्सर ही दोन मोठी मंदिरे आहेत. पश्चिमेला राजांची दरी, हॅट्शेपसूत या स्त्री-फेरोचे (राज्य करणाऱ्या राणीचे) दैर अल-बहरी येथील मंदिर, मेदिनेत हाबूचे मंदिर आणि राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे दैर अल-मदिना हे गाव आहे. धावत्या सहलीत कर्नाकच्या वाट्याला तास-सव्वा तास येतो आणि तो १३४ स्तंभांच्या सभामंडपात छायाचित्रे काढण्यातच संपतो. तीन तास मिळाले, तर चांगला गाईड आपल्याला मान वर करायला लावून स्तंभांवरील तुळयांच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोहोचलेले नाही तिथे, टिकून राहिलेला मूळ रंग दाखवतो. पहिल्या महाद्वाराच्या आतल्या बाजूला कच्च्या विटांचा एक मोठा ढिगारा आहे. बहुतेक लोक त्याला पडझड समजून पुढे जातात. प्रत्यक्षात तो दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या उताराचा अवशेष आहे. महाद्वाराचे काम पुरे झालेच नाही, म्हणून उतारही काढायचा राहून गेला. एवढ्या वास्तू माणसांनी कशा उभारल्या, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या ढिगाऱ्यापाशी अवश्य थांबावे.

राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन आणि पहिला सेती यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट पडते. कंपनी कोणती तिकिटे देणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्याचे नाव मोठे असले तरी ते आकाराने लहान आहे आणि त्याची ममी तिथेच असली तरी बाकीचा खजिना कैरोत आहे. दोहोंपैकी एकच परवडणार असेल, तर महाग असूनही मी सेतीचे तिकीट घ्यायला सांगेन. तिथल्या भिंतींवरचे रंगवलेले उठावकाम पाहिल्यावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा हात किती सराईत होता, ते कळते. थडग्यांच्या आत गाईडला व्याख्यान देण्याची परवानगी नसते; तो बाहेरच चित्रे दाखवून सर्व सांगतो. त्या वेळी सावली शोधत इकडेतिकडे न जाता नीट ऐकावे, नाहीतर आत गेल्यावर सगळ्या भिंती सारख्याच वाटू लागतात.

कैरोच्या कार्यक्रमात सक्कारा आहे ना, तेही तपासून घ्यावे. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिथे आहे. गीझाच्या महापिरॅमिडच्या सुमारे शंभर वर्षे आधी उभा राहिलेला हा पिरॅमिड आधी पाहिला, तर गीझाचे पिरॅमिड आकाशातून पडल्यासारखे वाटत नाहीत. गीझाजवळच्या भव्य इजिप्शियन संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले आणि तुतनखामेनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू आता तिथे एकत्र आहेत. त्यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवलेला असावा.

प्रश्न : लक्सरहून आस्वानला मोटारीने तीन-चार तासांत जाता येते असे ऐकले. मग त्याच अंतरासाठी क्रूझवर तीन-चार रात्री कशासाठी घालवायच्या? जेवण, पोहण्याचा तलाव आणि करमणुकीचे कार्यक्रम यांत मला रस नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : करमणुकीत रस नसलेल्या माणसाने तर क्रूझ अवश्य घ्यावी. इजिप्तची स्मारके नदीने घडवलेली आहेत आणि ती नदीवरूनच नीट समजतात, असे माझे ठाम मत आहे.

खुफू राजाच्या, म्हणजे गीझाच्या महापिरॅमिडमधील राजकक्षाच्या ग्रॅनाइटच्या शिळा आस्वानच्या खाणींतून, सुमारे ८०० किलोमीटरवरून, नाईलमधून आल्या. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये जे पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख) सापडले, त्यांत मेरर नावाच्या एका मुकादमाची कामाची रोजनिशी आहे. आपल्या माणसांना घेऊन तुरा येथील खाणीतला चुनखडक तो नावेने गीझाला पोहोचवत होता आणि कोणत्या दिवशी दगड भरला, कोणत्या दिवशी नाव कुठे मुक्कामाला होती, हे लिहून ठेवत होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका कष्टकरी माणसाच्या दिनक्रमाच्या या नोंदी मला कोणत्याही सुवर्ण-मुखवट्याइतक्याच मोलाच्या वाटतात.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो. त्यामुळे उत्तरेला जाताना प्रवाह साथ देत असे आणि दक्षिणेला परतताना शीड. चित्रलिपीतही दक्षिणेचा प्रवास दाखवताना नावेवर शीड उभारलेले असते आणि उत्तरेच्या प्रवासात ते नसते. डेकवर सकाळी बसले की दोन्ही काठांना उसाची आणि खजुराची हिरवी पट्टी दिसते आणि तिच्या लगेच मागे, मध्ये काहीही न येता, वाळवंट सुरू होते. ही पट्टी किती अरुंद आहे ते एकदा डोळ्यांनी पाहिले, की पुराचे पाणी किती चढले ते मोजण्याची सोय मंदिरांत का केलेली असे, हे वेगळे सांगावे लागत नाही. कोम ओम्बोच्या मंदिरात अशी पाणी मोजण्याची विहीर आजही आहे. सोबेक हा मगरीच्या रूपातला देव आणि होरस हा ससाण्याच्या रूपातला देव यांचे हे जोडमंदिर अगदी काठावर आहे. शेजारच्या छोट्या संग्रहालयातील मगरींच्या ममीही पाहून याव्यात.

एस्नाला जहाजांना जलपाशातून (पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे सोडणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून) जावे लागते आणि पुष्कळदा रांगेत थांबावे लागते. ही वेळ वाया गेली असे मानू नये. लहान होड्यांतले विक्रेते जहाजाला खेटून येतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले झगे व चादरी थेट वरच्या डेकवर फेकतात. खाली-वर ओरडून भाव ठरतो, माल पसंत पडला तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे आणि नाही पडला तर पिशवी परत करायची. मग जहाज जलपाशाच्या चिंचोळ्या कप्प्यात शिरते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती हाताने शिवता येतील इतक्या जवळ येतात.

या मार्गावरचे सर्वांत सुस्थितीतले मंदिर एडफूचे आहे. होरसच्या या मंदिराचे बांधकाम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये संपले. म्हणजे ते ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळातले आहे, पण आराखडा जुन्याच परंपरेचा आहे. महाद्वार, अंगण, सभामंडप आणि गाभारा हा क्रम मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. जसजसे आत जावे तसतशी जमीन किंचित चढत जाते, छत खाली येते आणि उजेड कमी होतो. एकोणिसाव्या शतकात ऑग्युस्त मारिएत यांनी वाळू उपसली, तोपर्यंत हे मंदिर जवळजवळ स्तंभांच्या माथ्यांपर्यंत गाडलेले होते आणि त्याच्या छतावर गावकऱ्यांची घरे होती. जहाजापासून मंदिरापर्यंत घोडागाडीने नेण्याची तिथे पद्धत आहे. तिथल्या अनेक घोड्यांची अवस्था पाहवत नाही. गटाने आग्रह धरला तर मोटारीची सोय होऊ शकते आणि तो आग्रह धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक अडचण मात्र सांगायला हवी. धक्क्यावर जहाजे एकमेकांना चिकटून उभी राहतात, त्यामुळे मुक्कामात खोलीच्या खिडकीसमोर नदीऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी येऊ शकते. हे नको असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर दहाबिया या शिडाच्या मोठ्या नावेचा विचार करावा. तिच्यात मोजक्याच खोल्या असतात आणि ती गेबेल एल-सिलसिलाच्या प्राचीन दगडखाणींसारख्या ठिकाणीही थांबते, जिथे मोठी जहाजे सहसा थांबत नाहीत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ आहे आणि तिला गुडघेदुखी आहे. तिला ही सहल झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : झेपेल, पण महापिरॅमिडच्या आत त्यांना नेऊ नये. तिथली चढती वाट इतकी ठेंगणी आहे की बराच वेळ कंबरेत वाकून चढावे लागते, आत हवा कोंदट असते आणि राजकक्षात ग्रॅनाइटची एक रिकामी शवपेटी सोडली तर लेख किंवा चित्र काहीही नाही. बाहेरून जे दिसते तेच तिथे खरे पाहण्यासारखे आहे. राजांच्या दरीतील थडग्यांत उतार आणि पायऱ्या असतात, तेव्हा त्यातल्या त्यात सोपी कोणती ते गाईडला सकाळीच विचारून ठेवावे. जहाजावर चढता-उतरताना फळीवरून चालावे लागते आणि कधी कधी दोन-तीन जहाजांच्या दालनांतून वाट काढावी लागते, म्हणून काठी जरूर बरोबर असावी. प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावा. उन्हाळ्यात लक्सर आणि आस्वानचे तापमान सर्रास ४० अंशांच्या वर जाते.

प्रश्न : अबू सिंबेलसाठी आस्वानहून पहाटे चार वाजता निघावे लागते म्हणतात. ते मंदिर तर कापून दुसरीकडे हलवलेले आहे. मग ते मूळ मंदिर कसे म्हणायचे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दगड तेच आहेत, मूर्ती त्याच आहेत आणि सूर्यही तसाच आत येतो. आस्वानच्या मोठ्या धरणाचे काम १९६० मध्ये सुरू झाले, तेव्हा धरणामागच्या नासर जलाशयात नुबिया या आस्वानच्या दक्षिणेकडील प्रदेशातली प्राचीन स्थळे बुडणार हे उघड होते. युनेस्कोच्या आवाहनावरून अनेक देश मदतीला आले आणि १९६४ ते १९६८ या काळात दुसऱ्या रामसेसचे हे डोंगरात कोरलेले मंदिर मोठमोठ्या तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा जोडण्यात आले. त्याच्यासाठी डोंगरही नव्याने रचला गेला. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, उगवत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि तिथल्या चार मूर्तींपैकी तिघांवर पडतात. चौथा प्ताह हा देव अंधारातच राहतो. हलवताना दिशेचे हे गणित सांभाळले गेले, म्हणून या कामाविषयी मला मूळ शिल्पकारांइतकाच आदर वाटतो. त्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात उत्खननाला गेले होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मंदिरे वाचली, पण हजारो नुबियन कुटुंबांची गावे पाण्याखाली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांना कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन वसवण्यात आले. धरणग्रस्त म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोयनेपासून माहीत आहे. म्हणून आस्वानच्या ‘नुबियन गाव’ या भेटीत केवळ रंगीत घरे पाहून परतू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या गावाबद्दल विचारावे आणि आस्वानच्या नुबिया संग्रहालयासाठीही वेळ काढावा.

पहाटे निघणे भाग आहे, कारण अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. झोप गाडीत होते.

प्रश्न : बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या काळी आणलेली ममी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कैरोत राजांच्या ममी कुठे पाहता येतील? आणि ममींच्या शापात काही तथ्य आहे का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : राजांच्या २२ ममी ३ एप्रिल २०२१ रोजी मोठ्या मिरवणुकीने फुस्तात येथील राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयात नेण्यात आल्या. दुसरा रामसेस, पहिला सेती आणि हॅट्शेपसूत त्यांत आहेत. त्या दालनात छायाचित्रे काढू देत नाहीत आणि बोलणेही हळू आवाजात अपेक्षित असते, ते योग्यच आहे. अनेक सहलींत हे संग्रहालय नसते, तेव्हा आधी विचारावे.

शापात तथ्य नाही. तुतनखामेनच्या उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ मध्ये वारले, ते डासाच्या चावलेल्या जागी जखम चिघळून. थडगे शोधून काढणारे आणि त्यात वर्षानुवर्षे काम करणारे कार्टर १९३९ पर्यंत जगले.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिथे खाण्याचे हाल होतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होणार नाहीत. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोची चटणी आणि वरून कुरकुरीत तळलेला कांदा अशी कोशरी कैरोत जागोजागी मिळते आणि पोटभर होते. बाकला या मोठ्या दाण्याच्या कडधान्याचे तामिया हे तळलेले वडे, त्याच बाकल्याचे दाणे शिजवून केलेला ‘फूल’ नावाचा पदार्थ, मसुराचे सूप आणि गरम रोटी यांवर न्याहारी उत्तम होते. मुलुखिया ही हिरव्या पाल्याची भाजी मात्र सहसा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजवतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. जहाजावर बुफे असतो. आपण मांस, मासे आणि अंडी यांपैकी काय खात नाही ते नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहून द्यावे, कारण नुसते शाकाहारी म्हटले तर मासे चालतात असा समज होऊ शकतो.