वाचकांचे प्रश्न : दिल्लीतील गर्दी आणि सासूबाईंची धास्ती

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली पाहून यावी असा विचार आहे. मी, माझे पती, नववीत शिकणारा चौदा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे आहोत आणि प्रत्यक्ष दिल्लीत चार दिवस मिळतील. अडचण सासूबाईंची आहे. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा त्या तेथे होत्या. त्या सुखरूप परतल्या, पण तेव्हापासून गर्दी म्हटली की त्यांच्या हातापायांतले बळच जाते. लाल किल्ला पाहण्याची हौस मात्र मुळात त्यांचीच आहे. त्यांना बरोबर न्यावे की घरी ठेवावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : बरोबर न्यावे. ज्यांची हौस आहे त्यांनाच घरी ठेवून बाकीच्यांनी किल्ला पाहून यायचे, हे मनाला पटत नाही. मात्र दिवाळीचा बेत सोडून द्यावा. सणाआधी चांदणी चौकातील घाऊक बाजारात खरेदीची झुंबड असते आणि सण झाल्यावर हवा इतकी धुरकट होते की वयस्कर माणसाला श्वास घेणे जड जाते. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, शिवाय प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमींसाठी मध्यवर्ती रस्ते बंद ठेवले जातात. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम आहे. राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यानही साधारण त्याच सुमारास लोकांसाठी खुले असते. मुलाची चार-सहा दिवस शाळा बुडेल, पण नववीच्या वर्षात ते भरून काढता येते.

आता धास्तीविषयी. मांढरदेवला जे घडले ते डोंगरावरच्या अरुंद, चढाच्या वाटेवर घडले, जेथे माणसाला मागेही फिरता येत नव्हते आणि बाजूलाही होता येत नव्हते. आपल्या सासूबाईंचे भय खरे तर माणसांच्या संख्येचे नसून कोंडले जाण्याचे असावे, आणि दिल्लीचा बेत आखताना हाच भेद उपयोगी पडतो. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये जिचे उद्‌घाटन झाले, ती नवी दिल्ली इतकी ऐसपैस आहे की इंडिया गेटभोवती हजारो माणसे असली तरी ती हिरवळीवर पांगलेली असतात. हुमायूनच्या कबरीभोवतीची चारबाग आणि कुतुबमिनारचा परिसरही तसाच मोकळा आहे. ७२.५ मीटर उंचीच्या कुतुबमिनारच्या आतील जिना डिसेंबर १९८१ मध्ये अंधारात झालेल्या चेंगराचेंगरीनंतर पर्यटकांसाठी बंदच आहे. ही हकिगत सासूबाईंना सांगावी की नाही, ते आपणच ठरवावे. मी सांगितली असती, कारण आत कोणीच चढत नाही हे कळल्यावर मिनाराखाली निवांत उभे राहता येते.

कोंडणारी दिल्ली म्हणजे शाहजहानने वसवलेली जुनी दिल्ली, आणि लाल किल्ला नेमका तिच्या तोंडाशी आहे. म्हणून त्या दिवसाची आखणी नीट करावी. पहिली गोष्ट, तो दिवस सोमवार नसावा, कारण सोमवारी किल्ला बंद असतो. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी साताऱ्याच्या दहा-बारा ज्येष्ठ मंडळींना घेऊन सोमवारी सकाळी लाहोरी दरवाजासमोर उभा होतो. त्यांपैकी एका आजोबांनी बंद दाराकडे पाहून, ‘एवढ्या लांब येऊन आपण कुलूप पाहिले’, असे म्हटले ते आजही कानात आहे. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे म्हणजे खिडकीसमोरची रांग वाचते. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, मात्र मुलाचे आधारकार्ड जवळ असू द्यावे. दार उघडताच आत गेल्यास छत्ता चौकातील दुकाने जेमतेम उघडत असतात आणि दिवाण-ए-आमपर्यंत शांतपणे चालता येते. चालणे बरेच आहे, तेव्हा नव्या चपला त्या दिवशी घालू नयेत.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर समोर चांदणी चौक दिसतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत तेथे मोटारींना बंदी असते, पण सायकलरिक्षा चालतात. भाडे आधी ठरवून सासूबाईंना आपल्याबरोबर एका रिक्षेत बसवावे आणि दुसरी रिक्षा मागोमाग ठेवावी. रिक्षेत बसलेल्या माणसाला गर्दीचे धक्के लागत नाहीत आणि सगळे वरून दिसते: लाल जैन मंदिर, जेथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला त्या जागेचा सीसगंज गुरुद्वारा, आणि रस्त्याच्या शेवटी फतेहपुरी मशीद. किनारी बाजार आणि पराठेवाली गल्ली या बोळांत सासूबाईंना नेऊ नये. मुलाला जायचे असेल तर वडिलांनी घेऊन जावे आणि दोघींनी तोवर गुरुद्वाऱ्यात टेकावे.

फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावली हा मसाल्यांचा बाजार लागतो. सांगलीच्या माणसाने तो निदान तोंडापासून तरी पाहावा. पोत्यांच्या थप्प्या, पाठीवर ओझे घेऊन ‘हटो, हटो’ करीत वाट काढणारे हमाल आणि मिरचीचा असा खकाणा की पहिल्या पाच मिनिटांत चौघेही शिंकू लागतील. तेथे एखाद्या दुकानदाराला सांगलीहून आलो असे सांगून पाहावे. हळदीचे नाव निघाल्यावाचून राहत नाही.

मेट्रोने फिरताना सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळा टाळाव्यात, विशेषतः राजीव चौक स्थानकावर गाडी बदलणे टाळावे. सुदैवाने लाल किल्ला आणि जामा मशीद ही दोन्ही स्थानके व्हायोलेट मार्गावर एकमेकांना लागून आहेत. गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, तेथे सासूबाईंना बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ते दर ठिकाणी आत शिरण्यापूर्वीच बोलून ठेवावे. सासूबाईंच्या पिशवीत दोघांचे मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद असावा, कारण गोंधळाच्या वेळी पाठ असलेला क्रमांकही आठवत नाही.

जाण्यासाठी गोवा एक्स्प्रेस सोयीची आहे. ती सांगलीला थांबते आणि हजरत निजामुद्दीनला संपते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. चौघांचे एकत्र तिकीट काढल्यास ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थचा कोटा लागू होत नाही, तेव्हा सासूबाईंचे तिकीट वेगळे काढावे. खिशाला परवडत असेल तर येताना पुण्यापर्यंत विमानाने यावे. दुसऱ्यांदा तोच प्रवास कंटाळवाणा होतो.

प्रश्न : आमच्या साताऱ्याचा आणि दिल्लीचा संबंध दाखवणारे तेथे काही पाहता येते का? – एक वाचक, मंगळवार पेठ, सातारा

उत्तर : डोळ्यांनी दिसेल असे फार थोडे आहे. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये वर पाहावे. तेथील चांदीचे छत सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये, फौजेच्या खर्चाची तंगी असताना, उतरवून त्याचे रुपये पाडले. आपण तेथे पाहायचे ते नसलेले छत. राष्ट्रपती भवनाच्या मागच्या बाजूचा तालकटोरा आज बाग आणि स्टेडियम म्हणून ओळखला जातो, पण १७३७ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे पहिले बाजीराव दिल्लीवर चालून गेले तेव्हा त्या भागात मोगल फौजेशी लढाई झाली.

माझ्या मते साताऱ्याच्या माणसाने दिल्लीत आठवावे ते येसूबाईंना. १६८९ मध्ये रायगड पडल्यापासून त्या मोगलांच्या कैदेत होत्या. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटले, मातोश्री मात्र अडकून राहिल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ मोगल सरदार सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीत गेले तेव्हा तेथील रस्त्यांवर उसळलेल्या दंगलीत मराठ्यांची बरीच माणसे मारली गेली, पण चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाई या दोन्ही गोष्टी घेऊनच ते परतले. येसूबाईंची समाधी दिल्लीत नाही, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला आहे. मंगळवार पेठेतून रिक्षाने जाता येईल. दिल्लीला निघण्याआधी एकदा तेथे जाऊन यावे.