ते नाटक कोणते?

प्रश्न : लहानपणी फोंड्याजवळच्या एका देवळाच्या जत्रेत विनोदी मराठी नाटक पाहिले होते. एका तसबिरीवरून संशयी नवरा-बायकोची जुंपते आणि पात्रांची नावे महिन्यांवरून असतात, एवढेच आठवते. गाणी होती की नव्हती, हे सांगता येत नाही. नाटक कोणते?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : नावांची खूण निर्णायक आहे. हे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’. फाल्गुनराव, आश्विनशेठ, भादव्या ही नावे महिन्यांवरची, तर कृत्तिका आणि रेवती ही नक्षत्रांवरची. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडताच दोघांचे संशय एकमेकांवर उलटतात. कथानकाचे मूळ आर्थर मर्फी या लेखकाच्या इंग्रजी नाटकात असून त्याचा धागा फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातो. मात्र देवलांचा संवाद इतका घरचा आहे की मूळ परके असल्याची शंकाही येत नाही. गाण्यांविषयीचा आपला संभ्रम रास्त आहे, कारण हे नाटक आधी गद्यच होते आणि पदांसह ते गंधर्व नाटक मंडळीने 1916 मध्ये रंगभूमीवर आणले. तरीही गोव्यातील जत्रेत, जिथे संगीत नाटकाची आवड खोल रुजलेली आहे, आपण संगीत प्रयोगच पाहिला असण्याचा संभव अधिक.